ईस्टर घरातल्या सगळ्यांचा व्हावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ कसा करायचा हे ख्रिस्ती घरात कुणाला शिकवावं लागत नाही. ईस्टर, म्हणजे येशू मरणातून उठला त्याचा सण, मात्र अनेक घरांत मिस्सा (चर्चमधली उपासना), मटण आणि दुपारची झोप एवढ्यावरच आटोपतो, आणि मग मुलं विचारतात, "झाला सण?" वसई, मुंबई, पुणे, नगर इथल्या तरुण आईवडिलांकडून आणि परदेशी गेलेल्या काही मंडळींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः वसईच्या कॅथलिक घरातली आहेत. प्रोटेस्टंट मंडळींची रीत वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते?

चंद्रामुळे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला आणि २०२८ मध्ये १६ एप्रिलला आहे. चर्च यासाठी स्वतःची कोष्टकं वापरते, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. तरी भिंतीवरच्या कालनिर्णयवरूनही अंदाज बांधता येतो: ही पौर्णिमा बहुधा चैत्रातली, म्हणजे हनुमान जयंतीची असते, आणि ईस्टर लवकर आला तर होळीची. २०२६ चा पवित्र गुरुवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, २ एप्रिलला आहेत. मुलांना हे दाखवा. शेजारच्या घरातला सण आणि आपला सण एकाच चंद्रावर चालतो हे त्यांना फार आवडतं.

नाताळसारखी मजा ईस्टरला येत नाही. आमचं काय चुकतं?

बहुतेक वेळा एकच: सगळा भार रविवारवर टाकलेला असतो. ईस्टर हा आठवड्याचा सण आहे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी सुरू होतो, गुरुवारी गंभीर होतो, शुक्रवारी अगदी शांत, शनिवारी वाट बघतो आणि मग रात्री उघडतो. शुक्रवारी घरात टीव्ही बंद नसेल, जेवण रोजचंच असेल, तर रविवारच्या गोडाला चव कुठून येणार?

दुसरं म्हणजे कामं. नाताळात गोठा मुलांचा असतो, करंज्यांना सगळ्या जावा बसतात, कंदील दादा लावतो. ईस्टरला सगळं आईच्या अंगावर पडतं आणि बाकीचे पाहुण्यासारखे वावरतात. घरातल्या प्रत्येकाला आठवड्यातलं एक काम द्या आणि ते त्याचंच राहू द्या, दरवर्षी. पाच वर्षांच्या मुलालाही. काम नीट झालं नाही तरी चालेल, मागून जाऊन दुरुस्त करू नका.

पवित्र सप्ताहात मुलांसाठी घरी काय करता येईल?

पुष्कळ. पण सगळं एका वर्षी करायला जाऊ नका, दोन गोष्टी निवडा.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वादित झावळी घरी येते. तिच्या पात्यांचा क्रूस विणायला आजोबांना सांगा. ही कला घराघरातून चालली आहे आणि मोबाइलवरच्या व्हिडिओपेक्षा आजोबांचा हात बघत ती पटकन येते. क्रूस देव्हाऱ्यात ठेवायचा आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी (त्या दिवशी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो आणि कपाळाला राख लावतात) चर्चला परत द्यायचा. जुन्या झावळ्या जाळूनच ती राख होते, हे कित्येक मोठ्यांनाही ठाऊक नसतं.

त्याच दिवशी एका पसरट परातीत किंवा जुन्या ट्रेमध्ये माती घालून गहू पेरा. मोहरी किंवा मेथीही चालेल, ती दोन-चार दिवसांत वर येते. मधोमध छोटं मडकं आडवं पुरा, तोंडाशी एक गोटा लावा. ही झाली कबरीची बाग. शुक्रवारी मडक्यात पांढऱ्या कापडाची घडी ठेवायची. रविवारी मुलं उठण्याआधी कुणीतरी गोटा बाजूला सरकवून ठेवायचा. तोवर गव्हाची हिरवळ बोटभर उंच झालेली असते. पाणी घालायचं काम सर्वांत धाकट्याचं. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो, हे येशूचं योहानाच्या शुभवर्तमानातलं बोलणं मग वेगळं समजवावं लागत नाही.

उपवासकाळात चर्चमध्ये 'हालेलुया' (देवाची स्तुती करा) म्हणत नाहीत. म्हणून राखेच्या बुधवारी मुलांनी मोठ्या कागदावर हा शब्द रंगवायचा, घडी घालून पेटीत किंवा कपाटात लपवायचा आणि ईस्टरला काढून दारावर लावायचा. पुढच्या वर्षी नक्की करा, यंदा उशीर झाला असेल तर झावळ्यांच्या रविवारी लपवला तरी चालतो.

गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले. जेवणाआधी घरात आईवडिलांनी मुलांचे पाय धुवावेत. मुलं आधी खिदळतात. खिदळू द्या.

लहान मुलांना क्रुसावरचं मरण कसं सांगावं?

थोडक्यात आणि शेवटपर्यंत. "काही लोकांनी येशूला वाईट वागवलं, तो मेला, मित्र खूप रडले, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला." चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढं बास. शुक्रवारची गोष्ट शुक्रवारीच थांबवून मुलाला झोपवू नका, उठल्याचं सांगूनच दिवा घालवा. काही धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) क्रुसाच्या वाटेचे, म्हणजे येशूला क्रुसापर्यंत नेलं त्या प्रवासाचे, जिवंत देखावे होतात. चाबूक, रक्त, आरडाओरडा हे लहानग्यांना रात्री उठवतं. त्यांना चौदा स्थानकांपैकी वेरोनिका रुमाल देते ते आणि सिमोन क्रूस उचलायला मदत करतो ते, अशी दोन दाखवून घरी आणलं तरी पाप लागत नाही.

मुलांनी उपवास धरावा का?

कॅथलिक नियम असा: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या लोकांनी उपवास करायचा, म्हणजे दिवसातून एकदा पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षांपासून पुढे लागू होतो. आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना सूट आहे. मधुमेही आजी हट्टाने उपाशी राहत असतील तर फादरांना सांगून त्यांची समजूत घाला, आपलं त्या ऐकणार नाहीत.

लहान मुलांसाठी एखादी आवडती गोष्ट सोडणं पुरेसं आहे. वाचलेले पैसे डब्यात टाका आणि त्या पैशांचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. शुक्रवारी आमच्याकडे पेज आणि चटणी असते. नाक मुरडणारं पोरही त्या दिवशी कुरकुर न करता खातं, कारण ताट सगळ्यांचंच सारखं असतं.

शनिवारी रात्रीच्या विधीला मुलांना न्यावं की नाही?

जमेल तर न्यावं. वर्षभरातला सर्वांत देखणा विधी हाच आहे. अंधारात चर्चबाहेर अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात आणि धुपाचे पाच दाणे खोचलेले असतात. मग त्या एका ज्योतीवरून शेकडो मेणबत्त्या पेटत जातात. गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा महिमागीताच्या वेळी एकदम वाजतात तेव्हा पेंगणारी पोरंही दचकून उठतात.

पण विधी लांबतो. जुन्या करारातली सात वाचनं असू शकतात, बाप्तिस्मा असेल तर आणखी वेळ लागतो. म्हणून मुलांना दुपारी झोपवा, संध्याकाळी नीट जेवू घाला, बाकावर कडेची जागा धरा. मेणबत्तीला कागदाची टोपी घाला म्हणजे मेण हातावर येत नाही. मुलींचे केस बांधा, ओढणी आणि नायलॉनची साडी ज्योतीपासून लांब ठेवा. पुढच्या रांगेतल्या बाईच्या पदराकडे मुलाची मेणबत्ती फार ओढ घेते. तान्हं बाळ असेल तर खुशाल रविवार सकाळच्या मिस्सेला जा.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत गर्दी रविवारी पहाटे असते. सूर्योदयाची उपासना बऱ्याच ठिकाणी उघड्यावर होते, काही ठिकाणी थेट कबरस्तानात. तिथे मुलांचं उठणं हाच खरा प्रश्न. कपडे रात्रीच काढून ठेवा आणि उपासनेनंतर चहा-बिस्किटं मिळतात हे आदल्या दिवशी दोनदा सांगा.

अंडी आणि ससा यांचा ख्रिस्ताशी काय संबंध? हे परदेशी फॅड नाही का?

ससा बायबलात कुठेही नाही. तो जर्मन भागातून आला. १६८२ मध्ये तिथल्या एका वैद्याच्या लेखनात अंडी आणणाऱ्या सशाचा उल्लेख सापडतो. त्याला वगळलं तर ईस्टरचं काही बिघडत नाही, आणि ठेवला तरी कुणाची श्रद्धा डळमळत नाही. मी वगळते, कारण सशाचं स्पष्टीकरण देता देता कबरीची गोष्ट राहून जाते.

अंड्याचं मात्र तसं नाही. पूर्वी उपवासकाळात अंडीही वर्ज्य असत आणि कोंबड्या काही अंडी घालायच्या थांबत नसत. साठलेली अंडी ईस्टरला निघायची. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. कवच फोडून बाहेर येणारा जीव आणि बंद कबर ही जोडी मुलांना सांगायला सोपी आहे.

घरच्या घरी अंडी कशी रंगवायची?

बाजारातली पांढरी अंडी घ्या, गावठी अंड्यांच्या तपकिरी कवचावर रंग नीट कळत नाही. कांद्याची सालं महिनाभर साठवा. दोन-तीन मुठी सालं तीन कप पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार करा, चमचाभर व्हिनेगर घाला आणि त्याच पाण्यात अंडी दहा-बारा मिनिटं उकडा. तांबूस-वीटकरी रंग येतो. हळदीने पिवळा. जांभळ्या कोबीच्या पाण्यात उकडलेली अंडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर निळी होतात, आणि जांभळ्यातून निळं कसं निघालं यावर मुलं सकाळी वाद घालत बसतात.

नक्षी हवी असेल तर कोथिंबिरीचं पान ओलं करून अंड्यावर चिकटवा, वरून जुन्या स्टॉकिंगचा तुकडा किंवा मलमल घट्ट बांधा आणि मग उकडा. सोडल्यावर पानाचा पांढरा ठसा उठतो. शेवटी तेलाचं बोट फिरवलं की चकाकी येते. होळीचे उरलेले रंग खायच्या अंड्यांना कधीही लावू नका.

अंडी शोधायचा खेळ आपल्या उन्हात कसा जमायचा?

सकाळी सात-साडेसातला उरकून. कोकोबटर साधारण ३४ अंशांना वितळतं. विदर्भात एप्रिलमध्ये पारा चाळिशी पार करतो, मुंबईत घाम आणि मुंग्या. झुडपात ठेवलेल्या चॉकलेटपर्यंत मुंग्या मुलांच्या आधी पोचतात. उकडलेली अंडीही उन्हात ठेवायची नाहीत. एवढ्या उष्म्यात तासाभराच्या वर बाहेर राहिलेलं अंडं खाऊ नये. म्हणून लपवायला प्लॅस्टिकची उघडणारी अंडी किंवा रंगीत कागद लावलेल्या आगपेट्या वापरा. आत चिठ्ठी, शिंपला, खोडरबर, गुंडाळलेली चिक्की. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आत काहीही बारीक नको. सोसायटीत कुत्रा मोकळा असेल तर चॉकलेट नकोच, ते त्याला विषारी असतं.

खेळातली भांडणं टाळायचा एकच उपाय खात्रीचा आहे: प्रत्येक मुलाला एक रंग. मोठ्या मुलाने निळीच शोधायची, धाकटीने पिवळीच. निळी अवघड जागी, पिवळी डोळ्यांसमोर. किती लपवली ते लिहून ठेवा. खेळ पार्किंगमध्ये नको, आणि सेक्रेटरींना आधी विचारा.

याचाच एक शांत प्रकार आहे, आणि माझ्या मते तो जास्त चांगला. बारा अंडी घ्या. एकात नाणं, एकात काटा, एकात खिळा, एकात कापडाचा तुकडा, एकात खडा, असं करत पवित्र सप्ताहाची गोष्ट लावा आणि रोज दोन-तीन उघडा. शेवटचं रविवारी उघडायचं. ते रिकामं असतं. "यात काहीच नाही!" असं मूल ओरडलं की बायकांना कबर रिकामी दिसली ती गोष्ट तिथेच सांगायची.

घरातली मोठी मुलं कशातच भाग घेत नाहीत.

त्यांना शोधायला लावू नका, लपवायला लावा. सुगावे त्यांनीच लिहायचे, तेही मराठीत आणि यमक जुळवून. चर्चमध्ये वाचन करायला किंवा गायनात उभं राहायला सांगा. फोन काढून घेऊ नका, शुक्रवारी बारा ते तीन सगळ्यांचेच फोन एका टोपलीत ठेवा. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. वार्षिक परीक्षा चालू असेल तर त्यांना अभ्यास करू द्या. शुभ शुक्रवारी सुट्टी असली तरी पवित्र गुरुवारी पेपर असू शकतो. संध्याकाळच्या मिस्सेसाठी तासभर उठवलं तर अभ्यास बुडत नाही.

जेवणाचा बेत कसा आखावा, म्हणजे आई दिवसभर चुलीशी अडकणार नाही?

आधी शिजवून. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) मुरल्याशिवाय चवीला येत नाही, म्हणून ते बुधवारी करा आणि रोज एकदा नीट उकळी आणून गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा. व्हिनेगर आणि मसाल्यात ते टिकतं. अडचण एकच: शुक्रवारी ते गरम करताना मीठ चाखायचं नाही. ज्या घरात हे काम चौदा वर्षांखालच्या नातवाकडे देतात त्या घराला माझा नमस्कार.

रविवारी ताजं काय करायचं तर फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. मैदा, अंडी, नारळाचं दूध. पूर्वी माडीने आंबवत, आता यीस्टने. पीठ पहाटे भिजवलं तर मिस्सेहून येईपर्यंत फुगून तयार असतं. मुठीतून पीठ दाबून काढून तळण्याचं कसब सगळ्यांना नसतं, ते जिला येतं तिने फक्त तेवढंच करावं. सॅलड, भात, ताटं-वाट्या, नंतरची भांडी पुरुषांनी आणि मुलांनी. भाजी-पाव आणि केक विकत आणला तर सण उणा होत नाही. हॉट क्रॉस बन शुक्रवारचे, तेही बेकरीतून.

शाकाहारी पाहुणे असतील तर बटाट्याची भाजी बॉटल मसाल्यात (बाटलीत भरून ठेवतात तो आपला घरगुती मसाला) करा. कोंबडीच्या रश्श्यातले बटाटे वेगळे काढून "हे व्हेज" म्हणून वाढू नका.

मार्झिपानची अंडी घरी जमतात का?

काजूकतली जमते त्याला मार्झिपान जमतं. २५० ग्रॅम काजूची बारीक पूड, तेवढीच किंवा थोडी कमी साखर. साखरेचा एकतारी पाक करून त्यात पूड घालायची, गोळा कडा सोडेपर्यंत मंद आचेवर हलवायचं, उतरवून गुलाबपाण्याचे थेंब टाकायचे आणि कोमट असताना मळायचं. जुन्या पाककृतींत अंड्याचा पांढरा बलक असतो. मुलं आणि म्हातारी माणसं खाणार असतील तर कच्चा बलक टाळा, पाकाने काम भागतं. अर्ध्या अंड्याच्या साच्याला पिठीसाखर भुरभुरून गोळा दाबा, दोन अर्धी जोडा, वर आयसिंगने ज्याचं त्याचं नाव लिहा. नाव चुकलं तर ते अंडं करणाऱ्याने खायचं. एप्रिलच्या दमटात त्याला पाणी सुटतं, म्हणून घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये.

शेजारी "हॅपी गुड फ्रायडे" पाठवतात. काय उत्तर द्यावं?

"आज आमचा शोकाचा दिवस आहे, रविवारी सण. त्या दिवशी घरी या." राग धरू नका, नावात 'गुड' असल्यावर ते तरी काय करणार? रविवारी त्यांच्या घरी ताट पाठवा. केकमध्ये अंडं असेल तर आधी सांगा. पाकातलं मार्झिपान सगळ्यांना चालतं.

सून किंवा जावई दुसऱ्या धर्माचे आहेत. त्यांना अवघडल्यासारखं होतं.

विधीत केव्हा उठायचं, केव्हा बसायचं ते घरूनच सांगून ठेवा आणि शेजारी कुणीतरी बसा. कम्युनियन (मिस्सेत वाटतात ती पवित्र भाकर) फक्त कॅथलिकांसाठी असतं. रांग पुढे सरकते तेव्हा त्यांनी जागेवर बसून राहावं, हे आधी कळलं तर ऐन वेळी कानकोंडं व्हायला होत नाही. घरातल्या कामांतही त्यांचा वाटा असू द्या. रांगोळी येत असेल तर दारात झावळी आणि मेणबत्तीची रांगोळी काढू द्या, वसईतल्या अंगणात ती काही परकी दिसत नाही.

आजी अंथरुणाला खिळली आहे.

फादरांना आठवडाभर आधी कळवा, आजारी माणसांसाठी कम्युनियन घरी आणतात. शनिवारच्या अग्नीवरून पेटवलेली मेणबत्ती कंदिलात घालून घरी आणा आणि तिच्या उशाशी लावा. मुलांना तिच्याकडून जुन्या ईस्टरच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करायला सांगा.

यंदा घरात मृत्यू झाला आहे. ईस्टर करावा का?

करावा, आपल्याला झेपेल तसा. चर्चमध्ये सुतक नाही, आणि हा सण मेलेल्या माणसाच्या कबरीपाशीच सुरू होतो. रविवारी सकाळी सगळ्यांनी कबरस्तानात जावं, कबर धुवावी, फुलं वाहावीत, मेणबत्ती लावावी. लहान मुलांनाही न्या. नंतर घरी गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ पानात असू द्या. गोंगाट नको वाटला तर अंडी-बिंडी राहू देत. कुणी "अजून वर्ष नाही झालं" असं कुजबुजलं तर कुजबुजू द्या.

आम्ही परदेशात आहोत. इथे काय वेगळं?

इंग्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात ईस्टरनंतरच्या सोमवारीही सुट्टी असते. महाराष्ट्रात ती नसते आणि अमेरिकेत शुभ शुक्रवारीही केंद्र सरकारची सुट्टी नाही. जर्मनीत शुक्रवार, रविवार, सोमवार दुकानं बंद असतात, किराणा गुरुवारीच भरा. ऑस्ट्रेलियात तेव्हा शरद ऋतू असतो, त्यामुळे वसंताच्या गोष्टी मुलांना पटत नाहीत. गव्हाची परात मात्र तिथेही उगवते. वसईच्या घरच्यांशी व्हिडिओ कॉल जेवणाच्या वेळी नको, तेव्हा कुणीच नीट बोलत नाही. रंगवायला किंवा मार्झिपान मळायला दोन्हीकडे एकाच वेळी बसा.

रविवारी कुणीच येऊ शकत नाही. मग?

पुढच्या रविवारी बोलवा. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत) ५० दिवसांचा आहे.

उकडलेली अंडी ढीगभर उरली!

तडा न गेलेली, वेळेत फ्रिजमध्ये ठेवलेली सालासकट अंडी आठवडाभर चालतात. सोमवारी कांदा-खोबरं भाजून बॉटल मसाल्यात अंड्यांचा रस्सा करा. कोबीने रंगवलेल्या अंड्याचा पांढरा भाग कधी कधी निळसर निघतो. तो खाल्ला तर काही होत नाही, फक्त रस्सा वाढायच्या आधी मुलांना दाखवा, नाहीतर ताट तसंच परत येतं.